झाकणावरचं पाणी

आखाडातला शेवटचा रविवार होता, त्यामुळे खाटकाच्या दुकानापुढे सकाळी आठलाच रांग लागली होती. माझ्या पुढच्या बाईंनी दीड किलो सांगितलं आणि लगेच अटी घातल्या. गर्दन नको, नळ्या नकोत, चरबी नको, फक्त मागच्या मांडीचं द्या. दुकानातला पोरगा सरावलेला होता. त्याने न बोलता गर्दन वेगळी काढली आणि बाजूच्या परातीत टाकली. माझा नंबर आला तेव्हा मी म्हटलं, ती परातीतली गर्दन मला दे, आणि पुढच्या पायाच्या दोन नळ्या. सुरा पुसता पुसता त्याने अगदी साधेपणानं विचारलं, "ताई, घरी कुत्रं पाळलंय का?" दुपारनंतर आसपासच्या सोसायट्यांमधली माणसं कुत्र्यांसाठी असलेच तुकडे न्यायला येतात, म्हणून त्याने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. "नाही रे, आईसाठी हवंय," असं मी म्हटल्यावर तो ओशाळला आणि त्याने कलेजीचा एक तुकडा वर टाकला. पिशवी घेऊन निघाले, पण सिंहगड रोड ओलांडून घरी येईपर्यंत त्याचा प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

राग आला नव्हता. वाईट वाटलं होतं, आणि तेही नेमकं कशाचं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

आईला कवळी बसवली त्याला आता बराच काळ झाला. कवळी बसल्यावर पहिला निरोप तिने घेतला तो मटणाचा. रश्श्यात भाकरी कुस्करायची, वाटीतला रस्सा संपवायची आणि फोडी ताटाच्या कडेला नीट ओळीने लावून ठेवायची. कुणी काही विचारलं की "पोट भरलं" म्हणायची. भाऊ तिच्यासाठी मुद्दाम बोनलेस आणायचा, मांडीचं, सगळ्यांत चांगलं म्हणून. वहिनी ते कुकरला लावायची. फोड दिसायला मऊ असायची, पण दाताखाली गेली की तिचा चोथा व्हायचा, आणि चोथा कवळीत अडकतो. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांना हे सांगायला नको. मग एकदा सणाच्या गडबडीत उरलेली गर्दन मी दुपारभर बारीक गॅसवर ठेवली, आणि संध्याकाळी आईने ताटाच्या कडेला फक्त हाडं ठेवली. स्वच्छ, पांढरी, चोखलेली हाडं. बाजारात जे कडक म्हणून बाजूला पडतं तेच तिला चालत होतं, आणि कोवळं म्हणून जास्त पैसे मोजून आणलेलं तिला चावत नव्हतं.

यात काही चमत्कार नाही. जनावराचा जो भाग आयुष्यभर राबतो, म्हणजे चरताना खाली-वर होणारी मान, अंगाचं ओझं पेलणारे पाय, त्या भागात स्नायूंना बांधून ठेवणारे पडदे आणि शिरा जास्त असतात. ते कोलॅजेन. कच्चं असताना ते कातड्यासारखं चिवट असतं. आच लागली की साधारण 60 ते 65 अंशांवर ते आधी आकसतं, मांसाला पिळतं, आणि फोड होती त्याहून कडक होते. स्वयंपाक करणाऱ्याचा धीर सुटतो तो नेमका इथे. अर्धा-पाऊण तास झाला, बोटाने दाबून पाहिलं, फोड रबरासारखी लागली, की लोक म्हणतात मटण जून निघालं, आणि उचलून कुकरमध्ये टाकतात. खरं तर तेव्हा काम नुकतंच सुरू झालेलं असतं. 70 अंशांच्या पुढे, तासाला तास जोडत, तेच कोलॅजेन विरघळून जिलेटिन होतं. फोडीतले धागे सुटे होतात आणि प्रत्येक धाग्यावर त्या जिलेटिनचा ओलावा बसतो. रस्सा ओठांना चिकटतो तो त्यामुळे. रात्री फ्रीजमध्ये ठेवलेला रस्सा सकाळी वडी पाडता येईल इतका थिजलेला असतो, तोही त्यामुळेच. मांडीच्या मऊ मांसात हे फारसं नसतं. त्याला कितीही शिजवा, त्यातलं पाणी निघून जातं आणि धागे कोरडे राहतात.

माझ्या आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि तिला ते ठाऊक असण्याची गरजही नव्हती. नाना पेठेतल्या आमच्या वाड्यात रोजचा स्वयंपाक रॉकेलच्या स्टोव्हवर व्हायचा, पण मटण मात्र मागच्या पडवीतल्या चुलीवर. त्याचं पातेलं वेगळं, पळी वेगळी. आजीचं माहेर बोल्हाई देवीला मानणारं, तिथे बकऱ्याचं चालत नाही, म्हणून सासरी येऊनही तिने मेंढीचंच खाल्लं, आणि तिच्या हट्टापायी घरात दुसरं कधी आलं नाही. आजोबांचा पगार म्हणाल तर मांडीचं मटण परवडण्यातला नव्हता. खाटीक ओळखीचा होता, तो शेवटी उरलेलं द्यायचा: गर्दन, नळ्या, सीन्याची हाडं, कधी मुंडी. आजी ते हळद, मीठ आणि आलं-लसणाचा गोळा चोळून बाजूला ठेवायची. चुलीवर कांदा परतून त्यात मटण टाकलं की त्याला अंगचं पाणी सुटायचं. ते पाणी आटत आलं की पातेल्यावर खोलगट झाकण, झाकणात तांब्याभर पाणी. पहिली उकळी आली की पातेलं चुलीच्या तोंडावरून उचलून वैलावर, म्हणजे चुलीला जोडलेल्या बाजूच्या तोंडावर सरकवायचं, आणि चुलीवर भाकरीचा तवा चढायचा.

वैलाला स्वतःचं लाकूड नसतं. चुलीतली जी ऊब पुढे निघून जाणार, तिच्यावर वैल चालतो. भाकऱ्या संपल्या, लाकडं विझवली, तरी निखारे असायचे. मग पातेलं निखाऱ्यांवर. आजी मधेच येऊन झाकणातल्या पाण्यात बोट बुडवायची. पाणी बोटाला चटका देण्याइतकं तापलं असेल तर झाकण तिरकं करून तेच पाणी आत सोडायची आणि वर पुन्हा गार पाणी घालायची. मटणात गार पाणी घालायचं नाही, घातलं तर मटण बिथरतं, असं ती म्हणायची. झाकणातल्या गार पाण्यामुळे आतली वाफ झाकणाला लागून थंड व्हायची आणि थेंब होऊन परत खाली पडायची. वास बाहेर न जाता आतच फिरायचा. इतकी हुशारीची योजना, आणि तिच्यासाठी लागायचं काय, तर एक खोलगट झाकण.

हे झाकण आजही माझ्याकडे आहे, पण पातेलं ते नाही. वाडा पडला तेव्हा भांडी वाटली गेली. मी जे वापरते ते पितळी पातेलं तांबट आळीतून आणलेलं आहे, जाड बुडाचं, आतून कल्हई केलेलं. त्यावर मी कांदा कोरडा ठेवून करपू देत नाही, कारण कल्हईचं कथील 232 अंशांनाच वितळतं आणि रिकामं पातेलं मोठ्या गॅसवर तिथवर सहज पोचतं. ज्यांच्याकडे पितळ नाही त्यांना जाड बुडाची कढई किंवा कुकरचंच भांडं, शिट्टी काढून वर घट्ट ताट ठेवलेलं, तितकंच चालतं. जाडी महत्त्वाची. पातळ भांड्यात आच एका जागी लागते आणि खाली धरतं.

माझी रीत आजीचीच आहे, फक्त वैलाच्या जागी सगळ्यांत लहान बर्नर आणि पातेल्याखाली जुना लोखंडी तवा. तवा मधे असला की ज्योत पातेल्याला थेट भिडत नाही. मटण आणलं त्याच दिवशी मी शिजवत नाही. हे ऐकून पुणेकर नाक मुरडतात, आपल्याला डोळ्यांसमोर कापलेलं लागतं. पण सकाळी कापलेलं मांस काही तासांत ताठरतं, आणि एक रात्र फ्रीजमध्ये काढली की ते सैल पडायला लागतं. तेव्हा रविवारचं मटण सोमवारी. हळद-मीठ रात्रीच लावून ठेवते. सकाळी एका मोठ्या कांद्यावर परतून, अंगचं पाणी सुटून पुरतं आटण्याआधीच वर पाण्याचं ताट ठेवते. उकळी खळखळणारी नको. आत कान देऊन ऐकलं तर पाच-सात क्षणांनी एक बुडबुडा फुटल्याचा आवाज यावा, एवढंच. आवाज वाढला की मटण दाटतं, थांबला की शिजत नाही. पहिला तास वास हळदीचा आणि कच्च्या लसणाचा असतो. दुसऱ्या तासात तो जातो आणि हाडांचा गोडसर वास सुरू होतो. तेव्हा मी भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं आणि कांद्याचं वाटण करायला घेते. तिसऱ्या तासाच्या मध्याला गर्दनीचा मणका चिमट्याने उचलला की मांस आपणहून खाली सुटतं आणि मणक्याच्या खाचेतला पांढरा मगज चमकतो. आईचा वाटा मी इथेच काढून घेते, अळणी. वाटण आणि काळा मसाला त्यानंतर, बाकीच्यांसाठी.

कुकरशी माझं भांडण नाही. घाई असेल तर पहिली शिट्टी झाल्यावर गॅस अगदी बारीक करून वीस-पंचवीस मिनिटं ठेवायचं आणि वाफ आपली आपण जिरू द्यायची. नळ्या त्यातही उत्तम होतात. गंमत अशी की हे यंत्र जन्मालाच मुळी हाडांसाठी आलं. 1679 मध्ये लंडनमध्ये देनी पापँ या फ्रेंच माणसाने वाफ कोंडणारं भांडं बनवलं ते हाडं मऊ करून दाखवण्यासाठी, आणि आपल्या कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा पूर्वज त्यानेच त्या भांड्याला बसवला. आपल्याकडे हॉकिन्सचे कुकर 1959 पासूनचे. पुण्यासारख्या गावाला कुकरचा फायदाही आहे. आपण समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचावर राहतो, इथे उघड्या पातेल्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. सिंहगडावर तर 96 च्याही थोडं खाली. कुकरमध्ये तेच 120 पर्यंत जातं. पण 120 अंशांवर जे कोलॅजेनला लवकर विरघळवतं, तेच धाग्यांमधलं पाणीही पिळून काढतं. दोन शिट्ट्या कमी तर चिवट, दोन जास्त तर चोथा, आणि मधे झाकण उघडून पाहायची सोय नाही. बारीक आचेवर अर्धा तास इकडेतिकडे झाला तरी काही बिघडत नाही. माझ्यासारख्या, मधेच खाली भाजी आणायला जाणाऱ्या बाईला ही ढिलाई फार मोलाची वाटते.

भाची अमेरिकेतून येताना विचारते, मावशी, स्लो कुकर आणू का. तिच्याकडे तो आहे, सकाळी कामावर जाताना बटण दाबते आणि संध्याकाळी तयार मिळतं. तिकडे 1971 मध्ये तो क्रॉक-पॉट नावाने बाजारात आला आणि नोकरी करणाऱ्या बायकांनी उचलून धरला, यात नवल नाही. मी तिला नको म्हणते, कारण तो जे करतो ते करायची आपली साधनं घरात पडून आहेत. हिवाळ्यात मी गोधडी वापरते. मटण तासभर नीट रटरटलं की घट्ट झाकलेलं पातेलं गॅसवरून उतरवून आधी वर्तमानपत्रांच्या जाड थरात आणि मग दोन गोधड्यांत गुंडाळायचं, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून द्यायचं. पातेलं काठोकाठ भरलेलं हवं, अर्धं रिकामं पातेलं लवकर निवतं. तीन तासांनी काढलं तर अजून हात लावता येत नाही इतकं गरम असतं. ते पुन्हा एकदा खळखळून उकळायचं, यात मात्र कसूर करायची नाही. 60 अंशांच्या खाली कोमट राहिलेल्या मटणात जंतू वाढतात. ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या आपल्याच पुण्यातल्या 'आरती' संस्थेने उसाच्या पाचटाच्या कोळशावर चालणारा सराई कुकर काढला, तोही याच विचाराचा: मूठभर कोळसा पेटवायचा, डबे रचायचे, बंद करायचं आणि आपल्या कामाला लागायचं. त्याच्या कितीतरी आधी, 1910 मध्ये, बंगालच्या इंदुमाधव मल्लिकांनी इकमिक कुकर तयार केला होता, त्याच्याही तळाशी निखारेच. रमझानमध्ये मोमिनपुऱ्यात पाया आणि निहारीची पातेली रात्रभर बारीक आचेवर असतात, तिथे बटण कुठे आहे?

तरीही एक गोष्ट मला छळते. आजीचा वैल आठवला की मला वास आठवतो, आणि वासाच्या मागोमाग धूर. पडवीची भिंत छतापर्यंत काळी होती. आजी फुंकणीने फुंकायची तेव्हा तिचे डोळे लाल व्हायचे, आणि तिचा खोकला वाड्यातल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता. कुणी म्हणायचंदेखील, मावशी उठल्या वाटतं. 'चुलीवरचं मटण' अशी पाटी लावून हायवेला आता ढाबे चालतात, आणि तिथे बसून लोक जुने दिवस आठवतात. मी ते चवीनं खाते आणि तरी मला तो खोकला ऐकू येतो. चूल परत यावी असं मला कधीही वाटत नाही. पण आजीने त्या धुरात बसून जे शिकून घेतलं होतं, कुठला तुकडा किती तास मागतो, झाकणावरचं पाणी कधी आत सोडायचं, ते धुराबरोबर गेलं तर ती दुप्पट नुकसानी झाली असं वाटतं. चूल गेली हे चांगलं झालं. गर्दन परातीत गेली हे नाही झालं.

आणि वेळेचं म्हणाल, तर "एवढा वेळ कुणाला आहे" हे मी रोज ऐकते. वरच्या मजल्यावरची मुलगी हिंजवडीला जाते, दोन तास जाण्यायेण्यातच जातात. तिला मी तीन तास पातेल्यापाशी उभं राहा असं सांगितलं तर तिने माझ्याशी बोलणंच सोडावं. पण आजीही उभी नव्हती. तिने त्या वेळात भाकऱ्या केल्या, धुणं वाळत घातलं, आजोबांचा सदरा शिवला, आम्हाला अंघोळी घातल्या. पातेल्याला तिचे मोजून चार-दोन क्षण हवे असायचे, बाकीचं काम आच करत होती. त्या मुलीला मी गोधडीचा प्रकार लिहून दिला. रात्री जेवणं झाली की तासभर शिजवायचं, गुंडाळायचं, झोपण्याआधी काढून उकळी आणून गार करून फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी गरम करताना उरलेलं शिजतं, आणि वर जमलेली चरबीची साय चमच्याने उचलून टाकता येते. तिने करून पाहिलं. जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, काकू, रस्सा चिकट झालाय, बिघडलाय का? मी म्हटलं, अगं, त्याच्यासाठीच तर सगळं.

दर वेळी जमतंच असं नाही. कधी जनावरच इतकं जून असतं की चार तासांनीही शिर तशीच राहते. तेव्हा मी कच्च्या पपईचा चमचाभर कीस लावते, पण आधी लावून रात्रभर ठेवत नाही, पपईने मांस वरून लगद्यासारखं होतं आणि आतून होतं तसंच राहतं. अर्धा तास पुरे. बाकी उपाय एकच, अजून थोडा वेळ, आणि झाकणात अजून थोडं पाणी.

त्या आखाडातल्या गर्दनीचं जेवण सोमवारी दुपारी झालं. आईला मी तिच्या पलंगाशीच ताट नेऊन दिलं, बाजरीची अर्धी भाकरी, अळणी रस्सा आणि मणक्यावरून सोडवलेलं मांस. नळी तिने हातात घेतली, भाकरीच्या तुकड्यावर दोनदा आपटली, उरलेलं तोंड लावून ओढून घेतलं, लहानपणी आम्ही करायचो तसंच. मग रश्श्याची वाटी संपवली. कुत्र्याचा प्रश्न मी तिला सांगितला नाही. बोटं चाटत तिने मीठ थोडं कमी असल्याचं सांगितलं, आणि म्हणाली, "पुढच्या खेपेला मुंडी आण. आणि भाजून दे म्हणावं नीट, गेल्या वेळी कानाचे केस राहिले होते. आता श्रावण लागतोय, तेव्हा गणपती झाले की आण, विसरू नकोस."